शिल्लक रजा ही कंपनीची उधारी आहे

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, त्यातही शुक्रवारची संध्याकाळ. निम्मं ऑफिस घरी निघालेलं असतं आणि तेवढ्यात सगळ्यांना एक मेल येतो, 'सुधारित रजा धोरण'. पहिल्या पानावर कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी असते. दुसऱ्या पानावर काम आणि घर यांचा तोल कसा सांभाळावा याबद्दल चार चांगल्या गोष्टी असतात. तिसऱ्या पानावर खालून दुसऱ्या ओळीत खरा मजकूर असतो. १ जानेवारीपासून १५ दिवसांच्या वरची शिल्लक रजा आपोआप रद्द समजली जाईल. हातात उरलेले असतात जेमतेम चार-पाच दिवस आणि वर्षअखेरीच्या कामामुळे त्या दिवसांत कुणाचीही रजा मंजूर होणार नाही, हे साहेबांनी महिनाभर आधीच सांगून ठेवलेलं असतं.

मी काही वर्षं एका कंपनीच्या पगार विभागात काम केलं. असा मेल गेल्यावर पुढे काय होतं ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे. सोमवारी सकाळी फाईल माझ्याकडे आली. प्रत्येकाच्या नावापुढे कर्मचारी क्रमांक, हजेरीचे दिवस, वर्षभरात जमा झालेली रजा, वापरलेली रजा आणि शेवटच्या रकान्यात शिल्लक. त्या शेवटच्या रकान्यासाठी एक साधं सूत्र लिहायचं होतं, की आकडा १५ पेक्षा मोठा असेल तर तिथे १५ दाखव. एंटर दाबलं आणि रकाना वरपासून खालपर्यंत बदलत गेला. २२ चे १५ झाले, ३० चे १५ झाले. स्टोअरमधल्या एका गृहस्थांच्या नावापुढे ४१ होते, त्यांचेही १५ झाले. सगळं काम दोन मिनिटांचं.

त्या गृहस्थांना मी ओळखत होतो. त्यांच्या पत्नीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरत होतं आणि घरात दुसरं करणारं कुणी नव्हतं. त्यासाठी ते रजा साठवत होते, असं सगळे म्हणायचे. पण ते अर्धंच खरं होतं. दोन वर्षांत त्यांनी दोनदा रजेचा अर्ज केला होता आणि दोन्ही अर्जांवर 'स्टॉकमोजणी झाल्यावर बघू' असा शेरा मारून ते परत पाठवले गेले होते. ते दोन्ही कागद माझ्याच कपाटातल्या फायलीत लावलेले होते. ४१ वजा १५ म्हणजे २६. आठवड्याला सहा दिवस काम धरलं तर २६ दिवस म्हणजे बरोबर एक महिना.

त्याच आठवड्यात अकाउंट्समधून फोन आला. वर्षअखेरीची शिल्लक रजेची यादी हवी होती, ताळेबंदात तरतूद दाखवायला. जुनी यादी पाठवू की नवी, असं मी विचारलं. नवीच पाठव, म्हणाले, जुन्या तरतुदीतली जादा रक्कम परत फिरवायची आहे. त्या वेळी मला याचा अर्थ नीट कळला नव्हता. नंतर कळला. कर्मचाऱ्यांची शिल्लक रजा हे कंपनीच्या वहीत देणं म्हणून लिहिलेलं असतं. पुरवठादाराचं बिल थकलेलं असावं, तसं. नव्या धोरणाने ते देणं कमी झालं आणि जेवढं कमी झालं तेवढी रक्कम त्या वर्षीच्या नफ्यात आली. म्हणजे स्टोअरमधल्या गृहस्थांचे २६ दिवस हवेत विरले नव्हते. ते एका वहीतून दुसऱ्या वहीत गेले होते.

तेव्हापासून या विषयावर माझं मत पक्कं झालं आहे. कंपनीला उद्यासाठी नियम बदलता येतात. धंदा बदलतो, माणसं वाढतात, खर्च वाढतो, तेव्हा रजेचे नियमही बदलावे लागतात. पण काल कमावलेल्या रजेला हात लावण्याचा अधिकार कंपनीला नाही. ती रजा तिची नव्हेच, ती तिच्याकडे ठेव म्हणून पडलेली असते.

याला काही लोक भावनिक बोलणं म्हणतात, म्हणून आकड्यांतच बोलू. भारतातल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने हिशेब साधा ठेवला होता. वर्षात किमान २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. २०२० च्या नव्या कामगार संहितेत २४० चे १८० झाले, २० दिवसांमागे एक हे प्रमाण कायम राहिलं. या हिशेबाचा अर्थ असा की २० दिवस घाम गाळला की मोबदला २१ दिवसांचा होतो. २० दिवसांचा महिन्याच्या पगारात हातात पडतो आणि एकविसाव्या दिवसाचा नंतर, वेळेच्या रूपात. काम मात्र आधीच होऊन गेलेलं असतं. कुठल्या कंपनीने नोव्हेंबरात सांगितलं की जूनपासून तुमचा पगार कमी केला आहे, पाच महिन्यांचा फरक परत करा, तर गहजब होईल. रजेच्या बाबतीत नेमकं हेच होतं आणि लोक मान खाली घालून स्क्रीनकडे बघत राहतात.

याचं एक कारण मला आपल्या शब्दातच दिसतं. 'रजा' म्हणजे मूळ अर्थाने परवानगी, मर्जी. पाहुणा निघताना 'रजा घेतो' म्हणतो ती हीच. त्यामुळे नोकरीतली रजाही कुणाच्या तरी मर्जीने मिळते असं मनात बसून गेलं आहे. साहेब रजा 'देतात', आपण 'मागतो', ती 'मंजूर' होते. जी गोष्ट मागून मिळते ती काढून घेतली तर तक्रार कशी करायची? त्यापेक्षा कामगारांच्या तोंडचा 'हक्काची रजा' हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. रजा कधी घ्यायची याला साहेबांची परवानगी लागेल, ते रास्त आहे. ती माझी आहे की नाही याला त्यांची परवानगी लागत नाही.

न्यायालयांनी हे फार पूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. कंपनीचा नियम असा होता की वर्ष पूर्ण होण्याच्या तारखेला जो कामावर असेल त्यालाच त्या वर्षाची रजा मिळेल. एका कामगाराला ती तारीख येण्याआधी कामावरून काढलं आणि त्या वर्षी काम केलेल्या महिन्यांची रजा नाकारली. न्यायालय म्हणालं की भरपगारी सुट्टी ही नंतर द्यायची मजुरीच आहे. काम होत जातं तसतशी ती रोज थोडी थोडी कामगाराच्या मालकीची होत जाते आणि एकदा झालेली मालकी कंपनीच्या नियमाने काढून घेता येत नाही. २०२१ मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयानेही कमावलेली सुट्टी बुडवणारा करार चालणार नाही असं सांगितलं. आणि हे कुठे, तर ज्या देशाचा केंद्रीय कायदा खासगी कंपन्यांना एक दिवसही भरपगारी सुट्टी द्यायला सांगत नाही, त्या अमेरिकेत. तिथे सुट्टी द्यावीच असं बंधन नाही. पण एकदा देऊ केली आणि माणसाने त्या भरवशावर काम केलं की मग शब्द फिरवता येत नाही, असा त्या राज्यांचा हिशेब आहे.

भारतातलं उदाहरण सरकारी नोकरीतलं आहे, पण मला ते सगळ्यात जवळचं वाटतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झारखंड सरकारच्या एका प्रकरणात निकाल दिला. निवृत्त कर्मचाऱ्याच्या पेन्शनचा काही भाग, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे सरकारने चौकशीच्या नावाखाली अडवून ठेवले होते आणि त्याला आधार होता फक्त प्रशासकीय सूचनांचा. न्यायालयाने सांगितलं की ही त्या माणसाची मालमत्ता आहे, संविधानाच्या कलम ३०० अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही आणि प्रशासकीय सूचना म्हणजे कायदा नव्हे. खासगी कंपनीला हे कलम जसंच्या तसं लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, एवढं एक वाक्य जरी प्रत्येक ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लागलं तरी बरीच परिपत्रकं वेगळ्या भाषेत लिहिली जातील.

कंपनीच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण त्यांची अडचण खोटी नाही. पगार विभागात असताना मी ती रोज पाहत होतो. एखादा माणूस नोकरीला लागताना जो पगार घेत होता त्या काळात त्याने रजा साठवली आणि वीस वर्षांनी निवृत्त होताना शेवटच्या पगाराच्या दराने तिचे पैसे घेतले, तर कंपनीला ती रजा कित्येक पटींनी महाग पडते. शंभर माणसांनी असं केलं तर छोटी कंपनी मोडून पडेल. शिवाय रजा साठवायची नसतेच, ती विश्रांतीसाठी असते, हा मुद्दाही मला पूर्ण मान्य आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २४ मध्ये ठरावीक काळाने मिळणाऱ्या भरपगारी सुट्ट्यांचा हक्क लिहिला आहे, तो विश्रांती आणि मोकळा वेळ यांच्या जोडीने. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी सुट्टी आहे आणि नोकरी चालू असेपर्यंत त्या चार आठवड्यांच्या बदल्यात पैसे देऊन मोकळं होता येत नाही. सुट्टी विकत घेता येऊ नये, माणसाने ती खरोखर उपभोगावी, हा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्य आहे.

मग कंपनीने काय करावं? साठवणुकीला मर्यादा घालावी, जरूर घालावी. पण ती पुढे लागू होणारी असावी. कॅलिफोर्नियातच हा फरक फार चांगला केला आहे. तिथे 'वापरा नाहीतर गमवा' हा नियम चालत नाही, पण वाजवी कमाल मर्यादा चालते. शिल्लक मर्यादेला पोचली की नवी रजा जमा होणं थांबतं, तुम्ही थोडी वापरलीत की पुन्हा सुरू होतं. भांडं भरलं की नळ बंद होतो, पण भांड्यातलं पाणी कुणी ओतून देत नाही. मर्यादेच्या वर ज्यांची शिल्लक आधीच आहे त्यांना ती वापरायला पुरेसा वेळ द्यावा किंवा आजच्या दराने पैसे द्यावेत. म्हणजे वीस वर्षांनी वाढीव दराने देण्याचा प्रश्नच उरत नाही. कंपनीची खरी अडचण यातून सुटते. ही वाट उघडी असताना जी कंपनी वर्षअखेरच्या चार दिवसांत रकाना छाटते, तिला अडचण सोडवायची नव्हती, तिला रक्कम हवी होती, असं मी म्हणेन.

आणि मग येतो तो भाग, ज्याचा मला अजूनही सगळ्यात जास्त राग येतो. रजा मागितली की नाकारायची आणि मग वापरली नाही म्हणून बुडवायची. एका हाताने दार लावायचं आणि दुसऱ्या हाताने, आत का आला नाहीत म्हणून दंड करायचा. रजा बुडाल्याची बहुतेक प्रकरणं मी पाहिली ती या जातीची होती. आळसाने रजा न घेणारा माणूस विरळा. बाकीच्यांना कधी मोजणी, कधी ऑडिट, कधी नवा प्रोजेक्ट, कधी नुसतं 'आत्ता नको' आडवं येतं. पुष्कळ जण तर अर्जच करत नाहीत, कारण बढतीच्या वेळी कोण किती दिवस गैरहजर होतं हे मोजलं जातं, अशी प्रत्येक विभागात कुजबुज असते.

कारखाना कायद्यात या प्रसंगासाठी नेमकी तरतूद होती आणि ती मी फार उशिरा वाचली. कलम ७९ प्रमाणे न वापरलेली रजा पुढच्या वर्षात नेता येत असे, पण प्रौढ कामगाराच्या बाबतीत ३० दिवसांपर्यंतच. मात्र कामगाराने नियमाप्रमाणे रजा मागितली आणि ती नाकारली गेली, तर नाकारलेली रजा पुढे न्यायला कोणतीच मर्यादा नव्हती. २०२० च्या संहितेतही हे तत्त्व राहिलं आहे. दोन ओळींची तरतूद आहे, पण ती लिहिणाऱ्याने कारखान्याचं दार आतून पाहिलेलं असणार. ज्या अर्जावर 'नंतर बघू' असा शेरा आहे तो अर्ज म्हणजे रजा जिवंत असल्याचा पुरावा. माझ्या कपाटातले ते दोन कागद आठवले की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. ते कुणाच्या कामाचे आहेत हे मलाच कळत नव्हतं.

युरोपीय संघाचं न्यायालय याच्याही पुढे गेलं. ६ नोव्हेंबर २०१८ च्या निकालात, जर्मनीतल्या एका प्रकरणात, त्याने म्हटलं की कर्मचाऱ्याने अर्ज केला नाही एवढ्याच कारणाने त्याची वार्षिक सुट्टी आपोआप बुडत नाही. मालकाने त्याला सुट्टी घेण्याची खरी संधी दिली होती का, न घेतल्यास ती बुडेल हे वेळेवर आणि स्पष्टपणे सांगितलं होतं का, हे मालकाने सिद्ध करायचं. कर्मचारी ही नात्यातली दुबळी बाजू आहे, हक्क बजावताना तो कचरतो, हे न्यायालयाने गृहीत धरलं. ज्याने कधी रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवण्याआधी तीनदा चक्कर मारली आहे त्याला या वाक्याची किंमत कळेल.

आता एक नवी पद्धत आली आहे आणि तरुण मंडळी तिच्यावर खूश आहेत. 'अमर्याद रजा'. वर्षाला अमुक दिवस असं काही नाही, हवी तेव्हा हवी तेवढी घ्या, फक्त काम झालं पाहिजे. ऐकायला यासारखं सुख नाही. पण मी पगार विभागातला माणूस आहे, माझी नजर आधी शेवटच्या रकान्याकडे जाते, आणि तिथे काही नसतं. दिवस मोजले जात नाहीत म्हणजे जमा होत नाहीत, जमा होत नाहीत म्हणजे देणं नाही आणि नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, म्हणजे फुल अँड फायनलमध्ये, रजेचे पैसेही नाहीत. ज्या दिवशी कंपनी मोजलेल्या रजेवरून अमर्याद रजेवर जाते, त्या दिवशी जुन्या शिल्लकेचं काय झालं हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. काही कंपन्या ते पैसे चुकते करतात. काही जण 'आता अमर्यादच आहे, मग जुनं कशाला' असं हसत म्हणतात आणि समोरचाही हसतो. दुसरं असं की संख्या नसली की किती घेतली तर चालेल हे फक्त साहेबांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं उरतं. वर्षाला २० दिवस लिहिलेले असले तर विसावा दिवस मागताना मान ताठ असते. अमर्यादमध्ये आठव्या दिवशीच माणूस चोरट्यासारखा विचारू लागतो. रजा पुन्हा मर्जीवर येते. अमर्याद रजा द्यायचीच असेल तर तिच्या खाली एक किमान आकडा लिहावा आणि तेवढे दिवस प्रत्येकाने घेतले की नाही हे कंपनीने मोजावं.

बाकीचे बदलही असतात. आजारपणाची आणि किरकोळ रजा एकत्र करून एकूण दिवस गुपचूप कमी करणं, कंपनीला ऑर्डर नाहीत म्हणून आठवडाभर टाळं लावायचं आणि ते दिवस कामगारांच्या खात्यातून वजा करायचे, असे. त्यांचं मोजमाप त्याच पट्टीने करावं. बदल पुढच्या दिवसांचा आहे की मागच्या, आणि धंद्यातली जोखीम कुणाच्या खात्यावर टाकली जाते आहे.

संमतीचा मुद्दा मात्र असा पटकन सोडता येत नाही. हल्ली धोरणाच्या मेलबरोबर एक लिंक येते. ती उघडली की खाली 'मी वाचलं आहे आणि मला मान्य आहे' असं बटण. 'मला मान्य नाही' असं बटण मी आजवर कुठेच पाहिलेलं नाही. आठ दिवसांत बटण दाबलं नाही तर आठवणीचा मेल येतो, मग व्यवस्थापकाचा फोन. आणि मग कधी वाद झाला की कंपनी म्हणते, कर्मचाऱ्याने स्वखुशीने मान्यता दिली होती. नेमणूकपत्रात 'धोरणं वेळोवेळी बदलण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते' अशी ओळ असते, तीही पुढे केली जाते. मला वाटतं या ओळीचा अर्थ सरळ आहे, धोरण बदलता येईल. घरभाडं वाढवण्याचा अधिकार मालकाला आहे म्हणून गेल्या वर्षीचं वाढीव भाडं आज मागता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७० च्या १३२ क्रमांकाच्या करारात वर्षाला किमान तीन आठवडे भरपगारी सुट्टी धरली आणि तेवढा किमान हक्क सोडून देण्याचा कोणताही समझोता रद्दबातल मानावा असं लिहिलं. त्यांना माहीत होतं की पोटासाठी माणूस कशावरही सही करतो. त्याची सही म्हणजे त्याची मर्जी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा महिनाअखेरीला हप्ता भरायचा असताना असं बटण दाबून बघावं.

भारतात या बाबतीत एक जुनी, फारशी न वापरलेली ढाल आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९ अ प्रमाणे कामगारांच्या ठरावीक सेवाशर्तींत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे, आणि त्या शर्तींच्या यादीत भरपगारी रजा आणि सुट्ट्या स्पष्ट लिहिलेल्या होत्या. नव्या औद्योगिक संबंध संहितेनेही नोटिशीची ही अट ठेवली आहे. २१ दिवस म्हणजे फार काही नाही. नोटिशीने बदल थांबत नाही. पण तेवढ्या दिवसांत माणसं एकमेकांशी बोलू शकतात, युनियन असेल तर वाद उभा करू शकते, ज्याची रजा साचली आहे तो अर्ज करू शकतो. शुक्रवारच्या संध्याकाळच्या मेलला नेमकं हेच नको असतं. दुःख एवढंच की ही ढाल कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारांपुरती आहे. व्यवस्थापक, अधिकारी म्हणून नेमलेले, ज्यांच्या हाताखाली एकही माणूस नाही पण पदनामात 'मॅनेजर' आहे असे हजारो लोक तिच्या बाहेर पडतात. त्यांना फक्त करार उरतो आणि कराराची ती एक ओळ. व्याख्या पदनामावर न ठेवता प्रत्यक्ष कामावर ठेवावी असं न्यायालयं सांगत आली आहेत, पण त्यासाठी आधी न्यायालयात जावं लागतं आणि २६ दिवसांच्या रजेसाठी कोण जातं? म्हणून ही नोटीस पगारावर काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू व्हावी आणि कमावलेली रजा मागे जाऊन रद्द करणं मजुरी बुडवण्याच्या गुन्ह्यात मोजलं जावं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. मजुरीची व्याख्या करताना या एका गोष्टीला बाजूला ठेवण्याचं कारण मला कधीच कळलेलं नाही.

तोवर आपल्या हातात थोडं आहे. मेल आला त्याच दिवशी जुन्या धोरणाची प्रत आणि आपल्या शिल्लक रजेचा तेव्हाचा आकडा स्वतःकडे ठेवावा, कारण पोर्टलवरचा आकडा एका सूत्राने बदलतो, हे मी स्वतः केलं आहे. रजा तोंडी मागू नये, लिहून मागावी. साहेब तोंडी नाही म्हणाले तर 'आपल्या सांगण्याप्रमाणे तूर्त रजा पुढे ढकलत आहे' अशी एक साधी ओळ मेलवर टाकावी, त्यात भांडण नाही. आणि शक्य असेल तर दहा-बारा जणांनी मिळून एकच प्रश्न विचारावा की नवा नियम लागू होण्याच्या तारखेआधी जमा झालेल्या रजेचं काय. एकट्याने विचारलं तर तो माणूस कटकट्या ठरतो. बारा जणांनी विचारलं की एचआरला उत्तर लिहावं लागतं, आणि उत्तर लिहायला बसलं की बऱ्याचदा त्यांनाच कळतं की लिहिण्यासारखं काही नाही.

स्टोअरमधल्या त्या गृहस्थांनी असं काही विचारलं नाही, आणि मीही त्यांना काही सांगितलं नाही. एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं. ते ३४ दिवस कामावर नव्हते. १५ जुन्या शिल्लकेतले, ४ नव्या वर्षात जमलेले, असे १९ दिवस भरपगारी आणि उरलेले १५ दिवस बिनपगारी. 'बिनपगारी' रकान्यात ते १५ मीच भरले. पगार झाल्यावर ते स्लिप घेऊन खिडकीशी आले. आवाज चढलेला नव्हता, त्यांना फक्त हिशेब लावायचा होता.

"अहो, ते माझे ४१ दिवस होते ना, ते यात कुठे दिसत नाहीत."

"ते नव्या पॉलिसीत गेले," मी म्हटलं.

त्यांनी स्लिप पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली, नीट घडी घालून खिशात ठेवली.

"गेले म्हणजे, कुणाकडे गेले?"